तपासणी : कुंदा महाजन

“हबीब, हा मी कधी पाहिला?”

हबीब पिंजारी समोरच्या टेबलावर काम करत होता. खुर्ची न सोडता तो मागे रेलला आणि त्याने कुंदाच्या स्क्रीनवर नजर टाकली.

“कोणता? धुळ्याच्या रक्तपेढीचा ना? पाहिला असेल की, ताई.”

“नाही पाहिला. तू यात बदल केलास तेव्हा मी रजेवर होते. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. आणि इथे वर लिहिलंय, तपासणी, कुंदा महाजन.”

“ते तर येतंच.”

“येतंच म्हणजे?”

“म्हणजे जुना प्रोग्रॅम उचलायचा, त्याची नक्कल काढायची, आत जो बदल करायचा तो करायचा. वरच्या ओळी तशाच राहतात. कोण खोडत बसतं?”

 आपण काय बोलून गेलो ते हबीबचं त्यालाच ऐकू आलं असावं.

ही गोष्ट सत्त्याण्णव सालची. जळगावच्या नव्या पेठेत, एका कापडदुकानाच्या माडीवर रतिलाल शहांचं ऑफिस होतं. चार-पाच माणसं मिळून दवाखान्यांसाठी आणि रक्तपेढ्यांसाठी कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहीत. कोपऱ्यातल्या एका कॉम्प्युटरमध्ये सगळे प्रोग्रॅम एकत्र ठेवलेले असत आणि बाकीची टेबलं वायरीने त्याला जोडलेली. ज्याला बदल करायचा त्याने तिथला प्रोग्रॅम उचलायचा, दुरुस्त करायचा आणि पुन्हा तिथेच ठेवायचा. पूर्वी एकदा जामनेरच्या एका डॉक्टरांकडे दोन रोग्यांचे रिपोर्ट एकमेकांच्या नावावर छापले गेले होते. तेव्हापासून नियम झाला, की एकाने लिहिलेलं दुसऱ्याच्या डोळ्यांखालून गेल्याशिवाय बाहेर जायचं नाही. प्रोग्रॅमच्या डोक्यावर दोन ओळी. पहिलीत बदल करणाराचं नाव, दुसरीत तपासणाराचं.

दुसरीत नेहमी कुंदाच असायची. ती मूळची धरणगावची. गणित घेऊन बीएस्सी झालेली, लग्नानंतर जळगावात आलेली. नवरा पितांबर एका शाळेत चित्रकला शिकवायचा. इथे ती आधी नुसती टायपिंगला लागली होती. पण दुसऱ्याने लिहिलेलं वाचायचा तिला कंटाळा नव्हता, आणि या धंद्यात असं माणूस सहसा मिळत नाही. ओळ न् ओळ ती निवडणीच्या धान्यासारखी पुढे सारायची. अडलं की विचारायची. एवढंच तिचं काम. वर्षभरापूर्वी रतिलालभाऊंनी तिला न विचारता तिचं नाव प्रोग्रॅमच्या पहिल्या स्क्रीनवरही घातलं. कॉम्प्युटर सुरू केला की संस्थेच्या नावाखाली ठसठशीत अक्षरांत यायचं, तपासणी : कुंदा महाजन. तिला संकोच वाटला होता, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं होतं.

आता तिने कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरमधले इतरही प्रोग्रॅम उघडायला सुरुवात केली. एरंडोलच्या दवाखान्याचा, भुसावळच्या प्रयोगशाळेचा, चोपड्याच्या कुणा डॉक्टरचा, ज्याचं नावसुद्धा तिने ऐकलं नव्हतं. प्रत्येकाच्या डोक्यावर तिचं नाव. काही तिने वाचलेले होते, काही अर्धे आठवत होते. पुष्कळ तर तिने जन्मात पाहिले नव्हते. ती घरी स्वयंपाक करत होती, सासूच्या डोळ्यांत थेंब घालत होती, आणि तिचं नाव तिला सोडून गावोगाव फिरत होतं, लोकांना भरवसा देत होतं.

“बंद करा ना ताई,” हबीब हळूच म्हणाला. “आजपासून मी स्वतः खोडत जाईन.”

“थांब. आधी हा धुळ्याचा वाचू दे. काय बदललंस यात?”

“फार काही नाही. त्यांच्या रक्ताच्या पिशव्यांचे नंबर दहा हजारांच्या वर जाणार होते. नंबराला चार घरं होती, मी पाच केली.”

“कुठे कुठे केलीस?”

“जिथे पिशवी आली की नोंद होते तिथे. पिशवी द्यायची तिथे.”

“आणि तपासणीचा निकाल साठवतात तिथे?”

 हबीब उठून तिच्या मागे येऊन उभा राहिला.

कुंदाने सगळा प्रोग्रॅम वाचला, मग तिथल्या तिथे तो चालवून पाहिला. एक खोटी पिशवी तयार केली, पाच आकडी नंबराची. निकाल घातला, सदोष, कावीळ. मग रक्त द्यायच्या पडद्यावर जाऊन तोच नंबर विचारला. निकालाच्या कप्प्यात अजून चारच घरं होती. शेवटचा आकडा गळून पडत होता, आणि त्या उरलेल्या चार आकड्यांची कुठली तरी जुनी, कधीच वापरून संपलेली पिशवी कॉम्प्युटर शोधून आणत होता. त्या जुन्या पिशवीचा जो निकाल तोच नव्या पिशवीवर. स्क्रीनवर अक्षरं आली, देण्यास योग्य.

तिने दुसरा नंबर घातला. देण्यास योग्य. तिसरा घातला. त्याचंही तेच.

“या अल्ला,” हबीब म्हणाला, पण अगदी खालच्या आवाजात.

“त्यांचे नंबर दहा हजारांच्या वर कधी गेले?”

“गेल्याच आठवड्यात. कॉलेजात मोठं शिबिर झालं त्यांचं.”

रतिलालभाऊ जेवून आले तेव्हा कुंदा फोनपाशी होती. धुळ्याचा फोन लागत नव्हता. तिने सांगितलं ते त्यांनी उभ्या उभ्या ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता. दिवाळीला प्रत्येकाच्या घरी स्वतः मिठाई घेऊन जाणारा. पण ऐकता ऐकता त्यांनी आधी दार लोटून घेतलं.

“फोनवर हे बोलू नका, कुंदाताई. त्यांच्या फोनवर कोण असतं, कोण नसतं. उद्या हबीब फ्लॉपी घेऊन जाईल, शांतपणे बदलून येईल.”

“उद्यापर्यंत ते रक्त देत राहतील, रतिलालभाऊ.”

“त्यांची प्रयोगशाळा आहे. डोळे आहेत त्यांना. कॉम्प्युटर म्हणतो म्हणून कोणी डोळे मिटून देतं का?”

“देत नसतील तर उत्तमच. पण मी आज जाते.”

“तुम्ही कशाला? तुमचा काय दोष त्यात?”

“माझं नाव आहे.”

“ते तर सगळ्यांवरच आहे,” रतिलालभाऊ म्हणाले.

हबीबने दुरुस्ती केली, कुंदाने त्याच्या खांद्यावरून ओळ न् ओळ वाचली, आणि दोघं धुळ्याच्या एसटीत बसली. पितांबरला शाळेत निरोप ठेवला. गाडी पारोळ्याला थांबली तेव्हा हबीब खाली उतरून पुन्हा एकदा फोन लावून आला. घंटी वाजते, कोणी उचलत नाही, म्हणाला. गाडी पुन्हा सुटली, खिडकीबाहेर कापसाच्या उभ्या पऱ्हाट्या मागे पळत होत्या. 

“ताई, एक सांगू? तुम्ही नव्हता तेव्हा मी थांबणारच होतो. भाऊ म्हणाले, किरकोळ तर आहे, जाऊ दे. मलाही किरकोळच वाटलं.”

“मी असते तर मला दिसलं असतं असं तुला वाटतं?”

“तुम्हाला दिसलंच असतं.”

कुंदाने मान हलवली नाही. तिला तेवढी खात्री नव्हती. हातात दहा प्रोग्रॅम असते, भाऊ घाई करत असते, तर तिनेही वरवर चाळून ‘हं’ म्हटलं नसतं कशावरून?

रक्तपेढी एका खासगी दवाखान्याच्या तळमजल्यावर होती. पांढऱ्या कोटातला एक बुटका, टक्कल पडलेला माणूस फोन कानाला लावून कुणाशी तरी ओ पॉझिटिव्हच्या दोन पिशव्यांबद्दल बोलत होता. फोन खाली ठेवून त्याने यांच्याकडे पाहिलं. हबीबने ओळख करून दिली. हे तोताराम बोरसे, इथले तंत्रज्ञ. या कुंदाताई.

“कुंदा महाजन?” तोताराम खुर्चीवरून उठलाच. “तुम्हीच का त्या? बसा, बसा ताई. अहो, रोज सकाळी तुमचं नाव वाचतो आम्ही. मला वाटायचं, कोणी मोठ्या वयाच्या बाई असतील, पुण्या-मुंबईकडच्या. चहा सांगू?”

“चहा राहू द्या, तोतारामभाऊ. पिशवी देताना तुम्ही प्रयोगशाळेचा निकाल ताडून बघता ना?”

“बघायचो की. आधी एक जण प्रयोगशाळेचा कागद मोठ्याने वाचायचा, दुसरा पिशवी हातात धरून हो म्हणायचा. मग तुमचा प्रोग्रॅम आला. सुरुवातीला तरी आम्ही दोन्ही करत होतो. पण कधी चूक निघाली नाही, आणि वर तुमचं नाव. डॉक्टरसाहेबच म्हणाले, एवढं तपासून येतंय तर तुम्ही दोन माणसं कशाला गुंतवता.” तो हसला. “बंद केलं ते. पुष्कळ वेळ वाचतो.”

कुंदाने हबीबकडे पाहिलं. तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होता.

मग तिने तोतारामला सांगितलं.  त्याने तडक जाऊन शीतकपाटाचं दार उघडलं. तिघांनी मिळून नव्या नंबरांच्या पिशव्या बाहेर काढल्या. तोताराम प्रयोगशाळेचे कागद घेऊन आला आणि त्यांच्या जुन्या पद्धतीने मोठ्याने वाचू लागला. कुंदा पिशवी हातात धरून हो म्हणत गेली. पिशव्या गार होत्या; थोड्या वेळाने तिची बोटं बधिर झाली. पहिल्यांदा तिच्या लक्षात आलं, की आपण इतकी वर्षं ज्याला नंबर म्हणत होतो त्याला वजन असतं.

शिबिरातल्या दोन पिशव्यांत प्रयोगशाळेला कावीळ सापडली होती, रक्तातून लागणारी. निकाल कॉम्प्युटरमध्ये नीट घातला होता. बाजूला काढा असं कॉम्प्युटरने मात्र एकदाही म्हटलं नव्हतं. त्यातली एक पिशवी कपाटात होती.

दुसरी नव्हती.

“कुणाला गेली?” कुंदाने विचारलं.

तोतारामला शोधावं लागलं नाही. “वरच्याच मजल्यावर गेली. बाळंतिणीला. नरडाण्याकडची आहे, बेबाबाई. बाळंत झाली आणि रक्त थांबेना. मीच पळत नेली होती पिशवी.” तो खुर्चीवर बसला. “परवा घरी गेली ती. जाताना पेढा देऊन गेली मला.”

डॉक्टर संध्याकाळच्या फेरीसाठी आले तेव्हा त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर कुंदाला बरं वाटलं असतं.

“ती पिशवी दिली नसती तर ती बाई त्याच दिवशी गेली असती, हे लक्षात घ्या,” ते म्हणाले. “लागण होईलच असंही नाही. तीन महिन्यांनी काहीतरी निमित्त काढून बोलावू, रक्त तपासू. आत्ता सांगून तिच्या डोक्याला भुंगा कशाला?”

“पोर अंगावर पीत असेल तिचं.”

डॉक्टरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

“सांगायला हवं, साहेब.”

“कोण सांगणार? माझा दवाखाना आहे, माझ्याकडे अजून चाळीस रोगी आहेत. उद्या गावात काय पसरेल ते तुम्हाला माहीत नाही.” मग कॉम्प्युटरकडे बोट करून ते शांतपणे म्हणाले, “तुमचं नाव आहे त्यावर. तुम्हाला वाटत असेल तर तुम्ही सांगा.”

त्या रात्री कुंदा धुळ्यातच, हबीबच्या आईकडे राहिली. हसीनाबींनी काही विचारलं नाही, ताटात गरम भाकरी वाढत राहिल्या. हबीब भाकरी नुसती कुस्करत बसला, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, “खा ले बेटा. जहाँ जाना है, भूखे पेट मत जा.”

नरडाण्याच्या पुढचं ते खेडं लहान होतं. रेल्वेच्या रुळांपलीकडे धाब्याची घरं, दारात बांधलेली एखाददुसरी शेळी. बेबाबाईचं घर कुणीही दाखवलं असतं, दाराला बाळंतिणीच्या घराची खूण म्हणून लिंबाचा डहाळा बांधलेला होता. ओट्यावर सासू झुंबरबाई लसूण सोलत बसली होती. नवरा नथ्थू कारखान्यात पाळीला गेलेला.

“दवाखानाथीन उनात का?” झुंबरबाईने विचारलं. “बठा, बठा. सून मधमा शे.”

हबीब ओट्यावर बसला. कुंदा आत गेली. आत अंधारात शेगडीत ओवा-बाळंतशोपाचा धूर होता आणि बाजेवर बेबाबाई पोराला पाजत बसली होती. वीस-बावीस वर्षांची, फिकट. पदराखालून पोराचे इवले पाय हलत होते. अनोळखी बाई पाहून ती सावरून बसली आणि हसली.

कुंदाने माहेरची बोली काढली. इतक्या वर्षांत जळगावात ती कधी तोंडात आली नव्हती.

“बेबा, मी त्या रक्तपेढीना कामवाली शे. तुले रगत चढाडं ना, त्यानी गोष्ट शे.”

“त्या रगतवर तर जीव वाचना मना,” बेबाबाई म्हणाली.

“हो. पन त्या रगतमा दोष व्हता. तपासनीमा दिशेल व्हता, तरी बी कॉम्प्युटरनी चूक व्हयनी आनि तुले दिधं गयं. कावीळना दोष शे. तुले व्हईच अशे नही. पन व्हऊ शकस.”

बेबाबाईचं हसू लगेच गेलं नाही. ते चेहऱ्यावर तसंच राहिलं, फक्त त्यातून ती निघून गेली.

“कोनी चूक व्हयनी?” तिने विचारलं.

कुंदाने सांगितलं, “ज्या कागदवर मनं नाव शे, त्यामा व्हयनी.”

बेबाबाई तिच्याकडे बघत राहिली. राग दिसत नव्हता. कुठल्याशा दूरच्या माणसाकडे बघावं तशी ती बघत होती. मग तिने पदर जरा बाजूला केला, पोराकडे पाहिलं आणि विचारलं,

“मंग पोरले दूध पाजू का नही?”

 रात्रभर कुंदाने सगळं जुळवलं होतं, काय सांगायचं, कसं सांगायचं. हे कुणालाच विचारून ठेवलं नव्हतं. डॉक्टरांना नाही, तोतारामला नाही.

“माले नही माहीत, बेबा,” ती म्हणाली. “आते तुम्ही दोन्ही मायलेक मनासंगे धुळाले चाला. मी इचारस.”

बेबाबाईने करंगळी पोराच्या ओठांच्या कडेला घातली आणि त्याला अलगद सोडवलं. पोर रडायला लागलं. तिने चोळीची गाठ मारली, ती दोनदा सुटली. तोवर दारात झुंबरबाई येऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. पुढे होऊन तिने पोर सुनेच्या मांडीवरून उचललं आणि छातीशी धरून बाहेर नेलं.

काळ्या-पिवळ्या जीपमध्ये पोर धुळ्यापर्यंत रडत होतं. दवाखान्यात डॉक्टरांनी या लोकांना पाहिलं आणि काल जे बोलले नव्हते ते आज बोलले. पोराला लस देता येईल, लगेच, आणि मग महिन्याने पुन्हा. आग्रा रोडवरच्या औषधांच्या दुकानातून हबीब ती लस बर्फात घालून घेऊन आला.

“आणि हिला?” कुंदाने विचारलं.

“पोरासाठी वेळ गेलेली नाही,” डॉक्टर म्हणाले. “हिच्यासाठी आता वाट पाहायची.”

दूध पाजायला हरकत नाही, लस दिल्यावर तर मुळीच नाही, असंही त्यांनी झुंबरबाईला समजावून सांगितलं. झुंबरबाईने मान डोलावली. घरी गेल्यावर तिने शेजारणीकडून शेळीचं दूध लावलं. सून काय म्हणते ते तिने विचारलं नाही, आणि सुनेने ते सांगितलंही नाही. कुंदाला हे पुढे कळलं. बेबाबाईला न सांगता ती परत आली असती तर पोर आईचं दूध प्यालं असतं, आणि लस मात्र मिळाली नसती. यातलं कुठलं पारडं जड, याचा हिशेब तिने पुष्कळदा मांडून पाहिला. तो कधी सुटला नाही.

जळगावात रतिलालभाऊंनी दुरुस्त केलेला प्रोग्रॅम सगळीकडे धाडायची तयारी केली होती. “आता तुम्ही स्वतः पाहिलंय,” ते म्हणाले. “आता तरी नाव ठेवायला हरकत नाही ना?”

“हा पाहिलाय, याच्यावर राहू द्या. बाकीच्यांवरचं काढा.”

“बाकीच्यांवर काय लिहायचं मग?”

“तपासलेलं नाही, असं लिहायचं.”

“असा माल कोण घेईल, ताई?”

“घेऊ नयेच कुणी. मी वाचून होईपर्यंत तरी.”

ते चिडले नाहीत, पण त्या दिवसानंतर तिच्याशी मोकळं बोललेही नाहीत. हबीबने एकेक प्रोग्रॅम उघडून तिचं नाव पुसलं. त्याला तीन दिवस लागले. नंतर मात्र नवीन बदल केला, की तो फ्लॉपी तिच्या टेबलावर ठेवायचा आणि ती वाचून होईस्तोवर उभाच राहायचा. कितीदा सांगितलं तरी बसायचा नाही. तिकडे धुळ्यात तोतारामने पुन्हा मोठ्याने वाचायला सुरुवात केली. बाकीच्या गावी पहिल्या स्क्रीनवर आता तिचं नाव येत नव्हतं. एरंडोलच्या डॉक्टरांनी ते दिसेना म्हणून फोन करून विचारलं, बाई सोडून गेल्या का? कुंदानेच फोन घेतला होता. नाही, इथेच आहे, म्हणाली.

तीन महिन्यांनी बेबाबाईचं रक्त तपासलं. दोष होता. डॉक्टर म्हणाले, काहींच्या अंगातून तो आपोआप निघून जातो, सहा महिन्यांनी पुन्हा पाहू. सहा महिन्यांनीही होता. पोराच्या रक्तात मात्र काही नव्हतं. आता पुढे काय, असं नथ्थूने विचारलं, तेव्हा डॉक्टरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “काही जण असेच म्हातारे होतात, काही नाही होत त्यांना. काहींचं यकृत दहा-वीस वर्षांनी जातं. ही कुणात आहे ते आज मी सांगू शकत नाही.”

त्यानंतर कुंदा अधूनमधून नरडाण्याला जायला लागली. कशासाठी जाते हे पितांबरने कधी विचारलं नाही, स्टेशनवर सोडायला मात्र यायचा. ती पोरासाठी काहीबाही न्यायची. घरात तिला कुणी ये म्हणत नव्हतं आणि जा पण म्हणत नव्हतं. झुंबरबाई पाट पुढे सरकवायची.

एकदा ती गेली तेव्हा पोर उभं राहायला लागलं होतं. ओट्याच्या खांबाला धरून ते आजीच्या हाकेकडे पाऊल टाकत होतं. बेबाबाई अंगणात गोवऱ्या रचत होती. तब्येत बरी दिसत होती, गालांवर रंगही आला होता. ती हात धुऊन आली. झुंबरबाईने आतून चहा आणून ओट्यावर ठेवला. कुंदाला फुलांची कपबशी, स्वतःला एक कप.

“तुले?” कुंदाने बेबाबाईला विचारलं.

“लेस ना,” ती म्हणाली.

ती उठून घराच्या मागल्या बाजूला गेली. पडवीच्या बाहेरच्या भिंतीत एक खिळा होता, त्याला कान असलेला एक जर्मनच्या पत्र्याचा पेला अडकवलेला होता. शेजारी उपडं घातलेलं एक ताट. तिने पेला काढला आणि पुढे धरला. झुंबरबाईने भांडं उंच धरून वरून चहा ओतला, पेल्याला भांडं लागू न देता. दोघींनाही ते इतकं सरावाचं झालं होतं, की एक थेंब सांडला नाही.

पोर खांब सोडून आईकडे दोन पावलं आलं. बेबाबाईने पेला चटकन उंच धरला आणि दुसऱ्या हाताने त्याला आजीकडे वळवलं.

“तिकडे जाय, भाऊ. मायकडे जाय.”

ती सावकाश चहा प्याली. पावसाचं बोलली, नथ्थूच्या पाळीचं बोलली. मग रांजणाजवळ जाऊन तिने राखेने पेला घासला, आतून, बाहेरून, कानाखालून. वरून पाणी ओतलं, उजेडात धरून पाहिला, पुन्हा एकदा घासला, आणि भिंतीवरच्या खिळ्याला अडकवून टाकला.